तुझ्या नावाचा कप होणार नाही

अक्का, आज सकाळी मैदानावर तुझी शोकसभा झाली आणि मी तिचा विचका केला. एरवी सगळं यथासांग होतं. मांडव, समई, झेंडूचे हार, गळ्यात शिट्टी अडकवलेला तुझा फोटो. नाल्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे लोक पाच महिन्यांनी पहिल्यांदा एका मांडवाखाली बसले होते. एकानं तुला माउली म्हटलं. तू आणि माउली! कुणाच्या हातून बॉल सुटला तर तू त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचीस, हे तो बोलणारा विसरला असावा. मग माझी पाळी आली. मी उठले तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांशी नेऊन ठेवले होते. मी बोलायला लागल्यावर ते पदर खाली आले.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. भेटायला येणारे म्हणतात, सुलभाताईंना धक्का बसलाय, म्हणून त्या बोलत नाहीत. धक्काबिक्का काही नाही. मला तुझा राग आलाय, आणि मेलेल्या माणसावर रागवायची आपल्यात पद्धत नाही म्हणून मी गप्प होते. आता लिहिते आहे, कारण आता तू मधे बोलणार नाहीस. जिवंतपणी तुझ्यापुढं मला एक वाक्य धड पुरं करता आलं नाही.

तू धारवाडच्या शाळेतली पी.टी. टीचर, मी सब-रजिस्ट्रार कचेरीतली कारकून. तुला संसार नव्हता, माझा होता तो संपला. रिटायर झाल्यावर रायापूरची भाड्याची खोली सोडून तू हुबळीत केशवापूरला माझ्याकडं आलीस, ती धाकटीच्या घरी आल्यासारखी नव्हे, शाळा तपासायला आल्यासारखी. दुसऱ्याच दिवशी माझ्या चहातली साखर बंद केलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला माझा पंखा बंद केलास आणि खोलीच्या दारात उभी राहून शिट्टी फुंकलीस. शेजारच्या गिरिजव्वा काय झालं म्हणून घाबरून बाहेर आल्या. मी तुला नको नको ते बोलले. तू म्हणालीस, ‘‘बोल की. बोलता बोलता चप्पल घाल.’’

तू आलीस तेव्हा आपल्या मागच्या नाल्यावरचा पूल नुसता नावाला होता. अलीकडं देवळाची गल्ली, आपली मराठी-कानडी घरं. पलीकडं मशिदीची गल्ली. तू यायच्या आधी कधीतरी मिरवणुकीवरून दगड पडले होते आणि पोलिसांनी पुलावर आडवे खांब लावले होते. खांब महिनाभरात निघाले, पण माणसांची ये-जा थांबली ती थांबलीच. माझीसुद्धा. पलीकडच्या मेहरूनकडं मी वर्षानुवर्षं ब्लाउज शिवायला टाकत होते, ते मी लांब बाजारात टाकायला लागले. भीती वाटत नव्हती. सगळ्यांनी जायचं बंद केलं म्हणून मी केलं. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, ‘‘अक्का, तुला इथलं कळत नाही.’’ तू म्हणालीस, ‘‘न कळूदे. ब्लाउजचा गळा कळतो मला. हा वाकडा शिवलाय.’’

तुला सुचलं ते दवाखान्याच्या बाकावर. माझी साखर तपासायला आपण गेलो होतो. त्या बाकावर दोन्ही गल्ल्यांतल्या बायका हातात रिपोर्ट धरून, गुडघे चोळत बसल्या होत्या आणि एकमेकींकडं बघत नव्हत्या. परत येताना रिक्षात तू म्हणालीस, ‘‘सुलू, दोन्हीकडची साखर सारखीच वाढलीय बघ. भांडायचं तर भांडूदेत. पण भांडायला दम लागतो की. आधी दम तरी आणू.’’ मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. आठ दिवसांत तू डालड्याच्या रिकाम्या डब्याला खालून भोकं पाडलीस, त्यात चुन्याची फक्की भरलीस आणि पुलाजवळच्या ओसाड मैदानावर थ्रोबॉलच्या पांढऱ्या रेषा आखून मोकळी झालीस. उड्या नकोत, धावाधाव नको, आलेला बॉल दोन्ही हातांनी झेलायचा आणि जाळीवरून परत फेकायचा. साडी खोचून कुणालाही जमेल, असं तू दारोदार सांगत फिरलीस.

पलीकडून पहिली आली ती मेहरून. बुरखा घडी करून जाळीच्या खांबाला अडकवला. आत सलवार-कमीज, पायात नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट. ‘‘इत्ते साल बैठ के सिलाई किये अक्का, कमर गई,’’ असं तुला म्हणाली आणि माझ्याकडं न बघता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बाजारात टाकलेले ब्लाउज तिला ठाऊक होते. मीही तिच्याकडं बघितलं नाही.

पण तुझी खरी करामत भिडू वाटायची रीत. लहानपणी आपण खेळायचो तीच. दोघी कॅप्टन बाजूला थांबायच्या. बाकीच्यांनी दोघी-दोघींनी गळ्यात हात टाकून लांब जायचं, कानात कुजबुजून एकेक खोटं नाव घ्यायचं आणि परत येऊन विचारायचं, ‘कुणाला हवा गुलाब, कुणाला हवा मोगरा?’ कॅप्टननं नाव मागायचं, त्या नावाची कोण निघेल ते तिचं नशीब. तू त्यात एकच अट घातलीस. जोडीतली एक पुलाच्या अलीकडची हवी, एक पलीकडची. मग जोडी फुटली की एक इकडं जाणार, एक तिकडं, आणि गल्लीचा म्हणून संघ कधी उभाच राहणार नाही. शिवाय रोज सकाळी उठून पलीकडच्या बाईच्या गळ्यात हात टाकून दहा पावलं चालणं आलं. शाळेतल्या पोरींना वळण लावायची ही तुझी जुनी सवय. आम्ही पन्नाशी-साठीच्या बायका तुझ्या शिट्टीला भिऊन ते करत होतो.

माझी जोडी मेहरूनशी, कारण आम्ही दोघी खेळात सारख्याच अडाणी. पहिला महिना आम्ही फुलांच्या पुढं गेलो नाही. मग एकदा आम्ही ‘गोळी’ आणि ‘इंजेक्शन’ झालो. एकदा ‘सासू’ आणि ‘सून’ झालो, तर दोघी कॅप्टन सूनच मागायला लागल्या, सासू कुणी घेईना. मेहरून त्या दिवशी हसता हसता खालीच बसली आणि तू शिट्टी फुंकून फुंकून दमलीस. त्यानंतरच्या आठवड्यात मी पूल ओलांडून तिच्याकडं ब्लाउज टाकायला गेले. तिनं टेप न लावता, नुसत्या नजरेनं माप घेऊन कापड ठेवून घेतलं. म्हणाली, ‘‘बारीक हुए तुमे. पुराना माप नक्को.’’

हे सगळं तुझ्यामुळं झालं, हे मी कबूल करते. तीन वर्षांत डॉक्टरांनी माझी गोळी निम्मी केली. मी गच्चीपर्यंत न थांबता चढते. पलीकडच्या बायकांची नावं मला कचेरीत ठाऊक होती ती दस्तावरची, अंगठ्याच्या ठशाशेजारची. आता कुणाचं पोट कशानं बिघडतं आणि कुणाची सून कशी वागते इथपर्यंत ठाऊक झालं. रमजान ईदला तू मैदानावर उभी राहून शीरखुर्म्याचे चमचे मोजून वाढायचीस आणि संक्रांतीला गिरिजव्वांच्या हातातली शेंगांची होळिगी, म्हणजे शेंगदाण्याची पोळी, अर्धी करून मेहरूनला द्यायचीस, ‘‘अर्धीच, शुगर आहे,’’ म्हणून. बायका तुला शिव्या घालायच्या, एकत्र घालायच्या. ते तुझ्या हयातीत मी तुला चांगलं म्हणून कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण तुला चांगलं म्हटलं की तू फुशारायचीस, आणि ते मला बघवत नव्हतं.

मग कप आला.

आपल्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, ज्यांचा गोकुळ रोडला कारखाना आहे, एका सकाळी खुर्ची मागवून खेळ बघत बसले. दुसऱ्या दिवशी तुला म्हणाले, ‘‘अक्का, असं मिसळून खेळलात तर बघायला कोण येणार? कुणाला ओरडायचं हेच कळत नाही. इकडची टीम, तिकडची टीम करू. शर्ट देतो, कप देतो, लाउडस्पीकर देतो.’’ मला वाटलं आता तू त्यांना शिट्टी फुंकून घालवशील. तू हो म्हणालीस.

त्या संध्याकाळी तू भाकरी करत होतीस आणि मी ओट्याशी उभी होते.

‘‘भिडू वाटायची रीत मोडलीस की सगळं मोडणार,’’ मी म्हटलं.

‘‘तीन वर्षं झाली सुलू. एका दिवसानं काय होतंय?’’

‘‘मारामारी होतेय. बघशील.’’

‘‘तुझा ह्या बायकांवर विश्वास न्हाई.’’

‘‘माझा तुझ्यावर नाही. तुला टाळ्या हव्यात. शाळा सुटली, गॅदरिंग सुटलं, आता कपाशिवाय करमत नाही तुला.’’

 तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणालीस, ‘‘एवढं नियमाचं आहे तर झेंडा तू धर. मी पंच होते, तू लाईनवर उभी राहा.’’ म्हणून त्या दिवशी मी खेळले नाही. मागच्या रेषेच्या कोपऱ्यावर लाल झेंडा घेऊन उभी राहिले. बॉल रेषेच्या आत पडला की झेंडा खाली, बाहेर पडला की वर. रेषेवर पडला तर तो आत, हे तूच पहिल्या दिवशी सगळ्यांना घोकून घेतलं होतंस.

आता ऐक, आणि मला सांगू दे. आपल्या बायकांना निळे शर्ट, त्यांना पिवळे. दोन्ही गल्ल्या लोटल्या होत्या. आणि सामना चांगला झाला, अक्का. फार चांगला झाला. पिवळ्यांनी झेललं की निळ्या वाहवा म्हणत होत्या. गिरिजव्वा पडल्या तर मेहरून जाळीखालून वाकून आली आणि त्यांना उठवलं. शेवटचा सेट अगदी शेवटच्या पॉइंटपर्यंत आला. मेहरूननं बॉल मारला तो निळ्यांच्या डोक्यावरून माझ्यापासून दोन हातांवर पडला. रेषेवर पडला. फक्की उडाली. मी डोळ्यांनी बघितलं. माझ्या मागं आपली अख्खी गल्ली ‘आऊट! आऊट!’ ओरडत होती. मी झेंडा वर केला.

गल्लीच्या भीतीनं मी तसं केलं असतं तर निदान समजण्यासारखं होतं. आपल्या माणसांना जिंकवायला केलं असतं तरी लोकांनी पोटात घातलं असतं. पण निळे जिंकोत की पिवळे, मला काही सोयरसुतक नव्हतं. मला तू हरायला हवी होतीस. मारामारी होणार असं मी म्हणाले होते, आणि ती होत नव्हती, आणि तू त्या पंचाच्या स्टुलावर उभी राहून हसत होतीस. ते मला सहन झालं नाही. एवढंच कारण. पाच महिने मी दुसरं कारण शोधलं, ते सापडलं नाही.

मेहरून बॉल उचलून धावत तुझ्याकडं आली. बॉलवर फक्कीचा पांढरा पट्टा उमटला होता. तू बॉल हातात घेतलास. पट्टा बघितलास. मग मान वर करून माझ्याकडं बघितलंस. माझा झेंडा अजून वरच होता. लाईनवालीचा निकाल फिरवायचा अधिकार पंचाला असतो, आणि तुला तर कुणाच्या अधिकाराची वाट बघायची सवयच नव्हती. तू ट्रॅकसूटच्या बाहीनं बॉल पुसलास आणि पॉइंट निळ्यांना दिलास.

मी खोटं बोलले. तू पुरावा पुसलास. मला वाचवायला तू नाल्यापलीकडच्या अख्ख्या गल्लीला खोटं पाडलंस, आणि मी त्याबद्दल तुला आयुष्यात माफ करणार नाही. चारचौघांत झेंडा खाली करायला लावला असतास तर माझी अब्रू गेली असती. तेवढंच गेलं असतं.

पुढं काय झालं ते हुबळीभर कळलं. एक खुर्ची उडाली, मग चार उडाल्या. कुणाचं डोकं फुटलं नाही एवढंच. कप देवळाच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात गेला. दुसऱ्या दिवशी सहाला पलीकडून कुणी आलं नाही. आठवड्यानं आल्या त्या सातला, आपल्या बायका घरी गेल्यावर. तेव्हापासून सहाची बॅच आपली, सातची त्यांची. भिडू वाटायची गरजच उरली नाही. गल्लीतल्या गल्लीत कसेही सात-सात पडतात.

आणि तू दोन्ही बॅचना जायला लागलीस. अडुसष्टाव्या वर्षी, सलग दोन तास. डॉक्टरांनी तुला जिना चढताना मधे थांबा म्हणून सांगितलं होतं, तो कागद तू तांदळाच्या डब्याखाली ठेवलास. मी सहाला जायचं बंद केलं. सातला जायचं तोंड नव्हतं. तू साडेआठला घामाघूम होऊन यायचीस आणि आपण दोघी आमटीत मीठ जास्त झालंय का यावर बोलायचो. पाच महिने, एका घरात, दोन बायका, आणि त्या बॉलचं नाव कुणी काढलं नाही. मला वाटायचं, आज ही विचारेल. विचारलंस तर काय उत्तर द्यायचं ते मी रोज तयार करून ठेवायची. तू विचारलं नाहीस. सातच्या बॅचला सर्व्हिस करता करता खाली बसलीस, ती तशीच. मेहरूननं तुला मांडीवर घेतलं होतं. मी पोचले तेव्हा संपलं होतं.

परवा अध्यक्ष घरी आले. छापलेला कागद घेऊन. ‘इंदूअक्का स्मृती थ्रोबॉल चषक. दरवर्षी. अलीकडचा संघ विरुद्ध पलीकडचा संघ.’ घरच्या माणसाची संमती म्हणून खाली माझ्या सहीची जागा. शोकसभेत घोषणा करणार होते. ‘‘तुमच्या अक्काचं नाव राहील,’’ म्हणाले. मी जन्मभर कचेरीत लोकांच्या सह्या घेतल्या. न वाचता सही करणाऱ्यांवर ओरडले. तो कागद मी चार वेळा वाचला. ज्या एका गोष्टीनं तुझं सगळं मोडलं, तिलाच तुझं नाव देऊन दरवर्षी लाउडस्पीकर लावून ती पुन्हा करणार. नुसतं ‘नको’ म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, बहीण दुःखात आहे, आठवड्यानं बघू. का नको ते सांगायचं तर झेंड्याचं सांगावं लागणार. आणि झेंड्याचं सांगितलं की बॉल कुणी पुसला तेही आलं. तुझ्या फोटोला घातलेला हार सुकायच्या आत, तुझ्यासमोर, तुला लबाड म्हणायचं. दोन रात्री मी झोपले नाही आणि दोन्ही रात्री तुला शिव्या घातल्या.

आज मी माइक हातात घेतला आणि सरळ सांगितलं. म्हटलं, अक्काच्या नावाचा कप होणार नाही, मी सही करणार नाही. त्या दिवशीचा शेवटचा बॉल रेषेवर होता. मी बघितला होता. मी झेंडा खोटा दाखवला. अक्कानं बॉलवरची फक्की बघितली आणि ती पुसली. जिंकल्या त्या पिवळ्या. एवढंच बोलायला अर्धं मिनिट लागलं. पाच महिने मला ते अर्धं मिनिट उचलवत नव्हतं.

आधी कुणालाच कळेना. मग आपल्या बाजूनं गलका झाला. गिरिजव्वा पहिल्या रांगेतून उठल्या. ‘‘साकु, सुम्न कुंड्री!’’ म्हणाल्या, म्हणजे पुरे झालं, गप्प बसा. ‘‘सत्तवर मुंदे हीगा मातन्याडूदा?’’ मेलेल्या माणसापुढं असं बोलायचं? मी म्हटलं, ‘‘जिवंत असताना बोलायला हवं होतं, गिरिजव्वा. तेव्हा तुम्हीच ओरडत होतात आऊट म्हणून.’’ ते मी बोलायला नको होतं, पण बोलले. अध्यक्षांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि ताईंची मनःस्थिती ठीक नाही असं जाहीर केलं. मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारी तिकडच्यांना सामील झाली. कागद टेबलावर तसाच राहिला, माझ्या सहीशिवाय. पलीकडच्या बायका उठल्या आणि पुलाच्या वाटेला लागल्या. मला वाटलं होतं, निदान त्यांच्यातली एखादी काही म्हणेल. माफी मागितल्याचा मान आपल्याला मिळणार अशी खोल कुठंतरी माझी समजूत होती, ती गेली.

मांडव रिकामा झाल्यावर मेहरून परत आली. बुरख्यात होती. तुझ्या फोटोपुढं उभी राहिली, माझ्याकडं पाठ करून.

‘‘हमना मालूम था,’’ ती म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘सब. तीसरे दिन अक्का आई थी हमारे घर को. सब औरतां को बुलाई. बोली, बॉल मैं पोंछी, गलती मेरी. मैं पूछी, और सुलभा? बोली, उसका वो बोलेगी. रुको.’’ मग ती वळली. ‘‘पाँच महिने रुके हम. तुमना बोलने को अक्का मरना पड़ा क्या?’’

अक्का, मी तिथल्या खुर्चीवर बसले. तू त्यांना सांगितलंस. तिसऱ्याच दिवशी, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या फरशीवर बसून सांगितलंस. म्हणून त्यांनी तुला सातच्या बॅचला घेतलं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं. ज्या बाईनं मला शिट्टी फुंकून झोपेतून उठवलं, माझी साखर काढली, माझ्या ब्लाउजचा गळासुद्धा सोडला नाही, ती या एका गोष्टीला माझ्या शेजारच्या पाटावर बसून गप्प जेवत राहिली. का? मी आपणहून बोलावं म्हणून? मी तशी बाई नाही, हे तुला पन्नास वर्षं ठाऊक होतं. एकदा म्हणायचं होतंस, सुलू, तो बॉल. दोनच शब्द. मी रडले असते, भांडले असते, ताट भिरकावलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर पूल ओलांडून गेले असते. मग तुला दोन-दोन तास खेळावं लागलं नसतं. तू माझी वाट बघत मेलीस, आणि ती वाट बघतेयस हे मला सांगितलं नाहीस. त्यांना मात्र ‘रुको’ म्हणालीस. माझ्यावर एवढा विश्वास ठेवायला तुला कुणी सांगितलं होतं?

मेहरून जायला निघाली. पुलाच्या तोंडाशी थांबली.

‘‘कल आओ. सात बजे,’’ ती म्हणाली. ‘‘झेंडा नक्को. लाइन के अंदर खड़े रहो.’’

‘‘तुम्ही मला खेळवणार?’’

‘‘खिलाएंगे कौन बोल्या? खड़े रहो बोली मैं.’’

तर उद्या मी जाणार आहे. तुझ्यासाठी नाही, तुझ्यावरचा राग गेलेला नाही आणि इतक्यात जाणारही नाही. आधी सहाला जाऊन बघेन, आपल्याकडची कुणी माझ्याबरोबर तासभर थांबतेय का. थांबणार नाही बहुतेक. गिरिजव्वांनी दुपारी माझ्या तोंडावर दार लावलं. मग सातपर्यंत एकटीच बसेन. मेहरूनचा हात आता चांगला बसलाय आणि उद्या ती सगळं बळ लावून माझ्याच अंगावर मारणार, हे मला आजच कळलंय. मारू दे. मी दोन्ही हात पुढं करून उभी राहीन.